जुहू ते दगडी चाळ

मुंबईच्या टोळ्या दक्षिणेत जन्मल्या आणि पैशामागे उत्तरेकडे सरकल्या. मी उलटा निघालो, जुहूहून भायखळ्याला.

चौपाटीवर सकाळची फिरणारी मंडळी परतत होती. मागच्या गल्ल्यांत नटांचे आणि निर्मात्यांचे बंगले. १९९८ पर्यंत सिनेमाला उद्योगाचा दर्जा नव्हता, त्यामुळे बँका कर्ज देत नसत. ती पोकळी काळ्या पैशाने भरली. पैसा पुरवणारा पुढे हिस्सा मागू लागला आणि ज्याने पैसा घेतलाच नव्हता, त्यालाही खंडणीचे फोन येऊ लागले.

रिक्षाने अंधेरी पश्चिमेतल्या जीतनगरला आलो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी जीतेश्वर महादेव मंदिराबाहेर ‘टी-सीरीज’ या संगीत कंपनीच्या गुलशन कुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आता तिथे फुलवाला बेलाची पानं निवडत बसला होता. पुढे लोखंडवाला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी इथल्या ‘स्वाती’ इमारतीला पोलीस अधिकारी ए. ए. खान यांच्या पथकाने वेढा घातला. माया डोळस, दिलीप बुवा हे गुंड आणि त्यांचे पाच साथीदार ठार झाले. आज खाली कॉफीची दुकानं आहेत. रिक्षावाल्याला इमारत ठाऊक होती, पण या चकमकीवरच्या सिनेमामुळे.

अंधेरीहून धीमी लोकल पकडली. गाडी दक्षिणेला धावू लागली, तशी सालंही मागे जाऊ लागली. प्रभादेवी आलं. इथल्या पेट्रोल पंपावर फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रतिस्पर्धी पठाण टोळीने टोळीप्रमुख दाऊद इब्राहिमचा थोरला भाऊ साबिर याला मारलं. हे भाऊ पोलीस हवालदाराची मुलं. साबिरच्या खुनानंतर तस्करीतल्या हिश्श्याचं भांडण सूडात बदललं.

महालक्ष्मीला उतरून सात रस्त्याकडे चालत गेलो. बाबू रेशीम १९८७ मध्ये इथल्याच पोलीस कोठडीत मारला गेला. तो, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची ‘भायखळा कंपनी’ आधी दाऊदच्या बाजूची होती. १९८८ मध्ये रमा नाईक पोलिसांच्या गोळीने मेला. त्यामागे दाऊदचा हात आहे, असा गवळीचा समज झाला आणि दोस्ती तुटली. जुलै १९९२ मध्ये नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर मारला गेला, त्याचं उत्तर दाऊदच्या माणसांनी सप्टेंबरमध्ये जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्डात गोळ्या झाडून दिलं.

गवळीच्या दगडी चाळीच्या फाटकाशी थांबलो. भोवतालच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. त्याची टोळी १९८२ च्या गिरणी संपाआधीची, हे खरं. पण अडीच लाख कामगारांच्या त्या संपाने घराघरांतली चूल थंड केली आणि टोळीला रिकाम्या हातांची पोरं आयती मिळाली. गवळीनेही गिरणीत काम केलं होतं. पुढे २००४ मध्ये याच भागाने त्याला आमदार केलं.

कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेताना दिवसभराचा हिशेब मांडला. मरणारी आणि मारणारी बहुतेक पोरं चाळीतली, खोपट्यातली. ज्या पैशासाठी ती मेली, तो जुहूच्या बाजूला. टोळ्या मोडायला संघटित गुन्हेगारीविरोधातला १९९९ चा ‘मोक्का’ कायदा आणि पोलिसांच्या गोळ्या लागल्या, हे सगळे सांगतात. निर्मात्याला बँकेचं कर्ज मिळू लागलं, याची नोंदही त्याच हिशेबात व्हायला हवी. गिरणीतून बाहेर पडलेल्या पोरासाठी मात्र अशी खिडकी कुणी उघडली नाही.