बाटलीतली मोकळी जागा

लोणचं बरणीत मुरतं, व्हिस्की बाटलीत मुरत नाही. तिचं जे काही मुरणं आहे ते ओकच्या पिंपात होतं, आणि स्कॉच म्हणवून घ्यायचं तर कायद्यानं किमान 3 वर्षं तिथं काढावी लागतात. लाकडातून हवा आतबाहेर खेळते आणि दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत ही घट साधारण 2 टक्के असते, बंगळुरूच्या ‘अमृत’ या व्हिस्की कंपनीच्या गोदामात 10 टक्क्यांच्या आसपास. काचेत भरून बूच लागलं की हा सगळा व्यवहार संपतो. भाच्यानं परदेशातून आणलेली 12 वर्षांची बाटली ‘खास प्रसंगासाठी’ आणखी 10 वर्षं कपाटात ठेवली, तरी ती 12 वर्षांचीच राहते. घरी ठेवणाऱ्यानं व्हिस्की सुधारण्याच्या फंदात पडू नये. ती बिघडू दिली नाही तरी पुष्कळ झालं. बिघाडात काळाचा हात फारसा नसतो. खरा संबंध आहे तो बाटलीत दारूच्या वर किती हवा साठली आहे याच्याशी.

याचा एक टोकाचा पुरावा अंटार्क्टिकात सापडला. अर्नेस्ट शॅकलटनच्या 1907च्या मोहिमेतल्या मॅकिन्ले व्हिस्कीच्या पेट्या केप रॉइड्सच्या लाकडी झोपडीखाली बर्फात अडकून पडल्या होत्या. 2010 मध्ये त्या बाहेर काढल्या. शंभर वर्षांनंतरही त्या व्हिस्कीत 47.3 टक्के अल्कोहोल होतं, आणि तिच्या नमुन्यांवरून रिचर्ड पॅटरसन या ब्लेंडरनं तशीच व्हिस्की पुन्हा जुळवली. कुणी म्हणेल, ही तर थंडीची करामत. थंडीनं मदत केलीच, पण बाटल्या भरलेल्या होत्या, अंधारात होत्या आणि मधल्या शतकात कुणी त्या उघडल्या नव्हत्या, हेही तितकंच खरं.

आता उघडलेल्या खंब्याचा हिशेब करून पाहू. 750 मिलीच्या बाटलीत मानेपाशी समजा 20 मिली हवा आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणजे साधारण 4 मिली, आणि तो 750 मिलीच्या वाट्याला येतो. बाटलीत 150 मिली उरली की वर 620 मिली हवा असते, तिच्यात 130 मिली ऑक्सिजन. दर मिलीमागे हा वाटा सुमारे दीडशे पट झाला, शिवाय प्रत्येक पेगागणिक हवा ताजी होते. यावर नेहमीचा आक्षेप असा की 40 टक्के अल्कोहोलमध्ये जंतू जगत नाहीत, मग बिघडणार काय? जंतूंबाबत तो बरोबर आहे. व्हिस्की नासत नाही, पिणाऱ्याचं पोटही बिघडत नाही. पण फळांचा, फुलांचा वास आणि पीटचा धूर ही तिच्यातली नाजूक मंडळी आहेत. ती हळूहळू उडतात किंवा बदलतात आणि मागे एक सपाट, लाकडी चव उरते. दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा: काही बाटल्या उघडल्यावर दोन-चार आठवड्यांनी जास्त चांगल्या लागतात. लागतात, विशेषतः 55-60 टक्क्यांच्या कडक बाटल्या. मात्र सुधारणा घडवणारी तीच हवा आपल्याला हव्या त्या मुक्कामावर थांबत नाही.

उष्णतेचं नुकसानही बहुतांशी याच मोकळ्या जागेतून होतं. दुपारी तापमान 15 अंशांनी चढलं की आतली हवा सुमारे 5 टक्क्यांनी फुगते, अल्कोहोलची वाफही वाढते. अर्ध्या रिकाम्या बाटलीचं बूच जरा सैल असेल तर ती वाफ बाहेर पडते आणि रात्री गारव्यात नवी हवा आत ओढली जाते. दिवाणखान्यातली पश्चिमेची शोकेस किंवा ओट्यावरचा माळा यांच्याइतक्या वाईट जागा घरात शोधून सापडणार नाहीत, आणि नेमक्या तिथंच बाटल्या दिसतात. ऊन रंगही फिका करतं. बाटली तिच्या खोक्यातच, आतल्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली की बरंचसं काम झालं. ती उभीच हवी. वाइन आडवी ठेवतात ते बूच ओलं राहावं म्हणून. इथं कडक अल्कोहोल बुचाला सतत लागून राहिलं तर बूच खराब होतं. फ्रिजची गरज नाही. कटग्लासच्या डिकँटरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि ते दारूत उतरतं, त्यातून त्याचं झाकण क्वचितच घट्ट बसतं. पाहुण्यांसमोर एका संध्याकाळपुरता तो ठीक.

राहिला तळाचा पाचवा भाग. तो संपवावा हे उत्तर सोपं आहे, पण महागाचा माल आणि एकटा पिणारा असेल तर ते जमत नाही. अशा वेळी काचेची 180 मिलीची क्वार्टर उपयोगी पडते. तिच्यात 150 मिली ओतली की वर हवा 620ऐवजी जेमतेम 30-40 मिली उरते, आणि तिचं फिरकीचं झाकण बुचापेक्षा घट्ट बसतं. स्कॉटलंडच्या इस्ले बेटावरची महागडी मॉल्ट देशी क्वार्टरमध्ये ओतायला अनेकांचा हात धजत नाही. पण लेबल जपायचं तर मूळ बाटली रिकामी करून शोकेसमध्ये ठेवता येतेच. क्वार्टर आधी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करावी, साबण टाळावा, आणि झाकणाच्या आतल्या अस्तराला जुन्या रमचा वास येत नाही ना, हे हुंगून पाहावं. येत असेल तर दुसरी बाटली शोधावी.