नासदीय आणि श्रद्धा यांमधील विराम

गुस्ताव होल्स्ट (१८७४-१९३४) हे नाव 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेमुळे परिचित आहे. त्यापूर्वी, १९०७-०८ मध्ये, त्याने ऋग्वेदातील सूक्तांवर एकल कंठ आणि पियानो यांसाठी रचलेली नऊ गीतांची माला मात्र मैफलींत क्वचितच ऐकू येते. उपलब्ध भाषांतरांनी समाधान न झाल्यामुळे होल्स्ट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृत शिकला आणि गीतांची इंग्रजी संहिता त्याने स्वतःच सिद्ध केली. ही गीते गाताना माझ्यासारख्या मराठी गायिकेपुढे उभा राहणारा प्रश्न केवळ गायनतंत्राचा नाही.

वैदिक परंपरेत मंत्राचे मंत्रपण अर्थाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उच्चारात असते. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांत चूक होऊ नये म्हणून घनपाठापर्यंतची पठणव्यवस्था उभी राहिली. होल्स्टने नेमका हा नादच बाजूला ठेवला. प्रत्येक गीतापूर्वी मूळ सूक्त म्हणावे, असे एका संस्कृतज्ञ श्रोत्याने मला सुचवले होते. मी तसे करत नाही. मूळ मंत्रानंतर येणारे गीत त्याची फिकट छाया ठरते आणि होल्स्टने केलेले अर्थनिर्णयन ऐकूच येत नाही.

ते अर्थनिर्णयन मला विशेषतः गीतांच्या क्रमात जाणवते. अखेरच्या गटात वाक्, सृष्टी आणि श्रद्धा अशी तीन गीते आहेत. त्यांचा आधार दहाव्या मंडलातील १२५, १२९ आणि १५१ ही सूक्ते. संहितेत नासदीय सूक्त आणि श्रद्धासूक्त यांच्यामध्ये २१ सूक्ते येतात. होल्स्टने ती दोन्ही लगोलग ठेवली. परमव्योमातील अध्यक्षालाही सृष्टीचे मूळ ठाऊक असेल किंवा नसेल, या संशयापाशी नासदीय थांबते. आणि पुढचेच गीत श्रद्धेला आवाहन करते.

येथे गायकाने घाई केली, तर श्रद्धा हे संशयावरचे तयार उत्तर बनते. विराम फार लांबला, तर दोन्ही गीते परस्परांपासून तुटतात. पियानोचा नाद पूर्ण विरेपर्यंत मी थांबते. मग श्वास घेते. त्या निःशब्द अवकाशात प्रश्न सुटलेला नसतो, तसाच मागेही पडलेला नसतो. त्याला सोबत घेऊनच शेवटचा आरंभ करावा लागतो. श्रद्धेचा हा अर्थ मला दोन्ही सूक्ते स्वतंत्रपणे वाचताना गवसला नव्हता. तो दोन गीतांमधल्या त्या श्वासात आकाराला आला.