वेगळी आकृती कोणती?

मागच्या आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं, "गावी आईबाबांना प्रिंटर घेऊन द्यायचाय रे, कुठला घेऊ?" मी त्याच्याशी पंचवीस मिनिटं बोललो. कॉफी गार झाली, त्याची आणि माझीही. बिचाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं होतं. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, त्यामुळे एका वाक्यात जमतच नाही.

तर त्याचं असं झालं...

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. घरी नुसतं बसणं हा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून गावातल्या पाचवीच्या पोरांचा दर रविवारी नवोदयचा सराव घ्यायला लागले. फी वगैरे काही नाही. वर्ध्याजवळ सेलूकाटे इथे जवाहर नवोदय विद्यालय आहे, सहावीपासून राहणं-जेवण-शिक्षण सगळं सरकारी. शेतमजुराच्या पोरासाठी ही परीक्षा म्हणजे काय असतं, ते पुण्यात बसून कळत नाही. पेपरात ८० प्रश्न, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे. म्हणजे आकृत्या. यातली वेगळी कोणती, पुढची कोणती, आरशात कशी दिसेल, असल्या.

आता आकृत्या काही फळ्यावर काढून भागत नाही. म्हणून २०२२च्या दिवाळीला मी हौसेने बाबांना प्रिंटर नेला. दोन हजार आठशेचा. दुकानातला सगळ्यात स्वस्त इंकजेट, स्कॅनरसकट! दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाने खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायला हवं होतं की नाही? नाही वाचलं. काळ्या कार्ट्रिजमध्ये साधारण १२० पानं, असं त्यात लिहिलेलं होतं. तेही साधा मजकूर धरून. भरीव काळ्या त्रिकोणांनी आणि चौकोनांनी भरलेली पानं असली की नव्वदीतच दम निघतो. (शिवाय आपली शिरोरेघ! प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ. हा हिशोब कुठल्या कंपनीने केला असेल असं वाटत नाही.)

पोरं चौदा, आकृत्यांची पानं सहा. चौऱ्याऐंशी पानं दर रविवारी. कार्ट्रिज सातशेचं. करा गुणाकार.

मी तो तेव्हा केला नाही. फोनवर विचारायचो, "प्रिंटर कसा चालू आहे?" बाबा म्हणायचे, "मस्त चालू आहे."

२०२३च्या जूनमध्ये घरी गेलो. पाऊस यायचा होता, विदर्भातला तो शेवटचा तापलेला आठवडा. आईने कपाटातून काहीतरी काढायला सांगितलं आणि मागे बिस्किटांचं खोकं सापडलं. त्यात रिकामी कार्ट्रिजं. अकरा. मी जमिनीवर बसून मोजली. सात हजार सातशे रुपये, पेन्शनमधून. दोन हजार आठशेच्या प्रिंटरपायी.

"बाबा, सांगितलं काहून नाही?" (घरी गेलं की माझं पुणेरी आपोआप गळून पडतं.)

"तू हौसेनं आणला होता."

एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाले, "अन् आता नाही लागत तेवढा खर्च. आता मी घरीच भरतो." आणि मेडिकलमधून आणलेली इंजेक्शनची सिरिंज दाखवली.

बाबांची शाई भरण्यातली निष्ठा जुनी आहे. त्यांच्या लहानपणी शाईच्या गोळ्या आणि पूड पाण्यात विरघळवून शाई करत. आपली कॅम्लिन १९३१ साली सुरू झाली ती अशाच 'हॉर्स ब्रँड'च्या पुडी आणि गोळ्यांवर. त्यानंतर मास्तरकीची सगळी वर्षं ड्रॉपरने पेन भरण्यात गेली. त्यामुळे कार्ट्रिजचं स्टिकर सोलायचं, बारीक भोकातून आतल्या स्पंजात चार-पाच मिली हळूहळू सोडायचे, टिश्यूवर टेकवून हवा काढायची, हे त्यांना माझ्यापेक्षा सफाईने येतं. चिप मात्र 'शाई संपली' म्हणतच राहते, तिला ओके दाबून गप्प करायचं.

गोम अशी, की त्या प्रकारात छापणारं डोकं, म्हणजे हेड, कार्ट्रिजलाच असतं. आतला बारीकसा हीटर शाईचा बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतो आणि ती शाईच त्याला थंडही ठेवते. शाई संपल्यावरही छापत राहिलात, तर हीटर जळतो. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्यात छापता छापता लाईन गेली तर हेड आपल्या टोपीखाली जाऊन बसत नाही, उघडंच राहतं. मग नोझल सुकतात आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात.

त्या रविवारी मी सरावाला बसलो होतो. प्रश्न होता, वेगळी आकृती कोणती. चौदापैकी नऊ पोरांनी तिसरी लिहिली. उत्तर पहिली होतं. बाबांनी पेपर हातात घेऊन पाहिला, मीही पाहिला. तिसऱ्या आकृतीतून एक बारीक पांढरी रेघ आरपार गेली होती. बाकी तिघींत नव्हती.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे पोराईचं. तेच वेगळं दिसते." नऊ जणांना मार्क दिले. पहिली लिहिणाऱ्यांनाही दिले.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. असो.

मग मी तो अभ्यास केला जो दिवाळीआधी करायला हवा होता. टाकीवाल्या प्रिंटरची गोष्ट मजेशीर आहे. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्त शाई वापरत. शेवटी एप्सनने २०१० साली तिथेच मुळात टाकी लावलेला प्रिंटर विकायला काढला. मशीन महाग, शाई स्वस्त. म्हणजे धंद्याचं गणितच उलटं. पुढे कॅनन आणि एचपीही त्याच वाटेने आले. दुसऱ्या बाजूला २०१६मध्ये एचपीच्या काही प्रिंटरनी, आधीच आलेल्या एका अपडेटमुळे, बाहेरची कार्ट्रिजं एका दिवसात नाकारायला सुरुवात केली. प्रिंटर तुमच्या टेबलावर, पण शाई कुणाची हे ठरवणार ते! सॉफ्टवेअरवाला म्हणून मला याची जरा लाजच वाटते.

मी शेवटी काय पाहिलं, तर टाकीत शाई किती उरली ते बाहेरून दिसतं का. हेड बिघडलं तर घरी बदलता येतं का, की मशीनच उचलून नागपूरला न्यावं लागणार. साफसफाईत वाया गेलेली शाई जिथे जमा होते तो डबा आपला आपल्याला बदलता येतो का. हे कुणीच विचारत नाही, आणि तो भरला की चांगला चालता प्रिंटर एके दिवशी हटून बसतो. आणि काळी शाई पिगमेंटची आहे का. डाय शाई पाण्याने पसरते, आणि पावसाळ्यात पोरं ओल्या हातांनीच येतात. सगळ्यात शेवटी वर्ध्याच्या एका दुकानात फोन केला, ही बाटली तुमच्याकडे नेहमी असते का? हो म्हणाले. तो फोन बाकी सगळ्या रिव्ह्यूंपेक्षा कामाचा ठरला.

कॅननच्या जी-मालिकेतला एक घेतला, साडेबारा हजाराला. १३५ मिलीच्या काळ्या बाटलीत सुमारे ६००० पानं, असा कंपनीचा दावा. मी त्यातली निम्मीच धरली. बाटलीला सातशेच्या आसपास धरले तरी पानाला पंचवीस पैसेसुद्धा होत नाहीत. सोबत एक छोटा यूपीएस दिला, लाईन गेली तर बटणाने नीट बंद करता यावा म्हणून. बाहेरची शाई भरणार नाही, एवढं वॉरंटी संपेपर्यंतचं वचन बाबांकडून घेतलं. सिरिंज त्यांनी फेकली नाही, हे मला माहीत आहे.

आता ते दर रविवारी सकाळी आधी एक नोझल-चेकचं पान काढतात. मे महिन्यातसुद्धा, पोरं नसली तरी. मागच्या वेळी ते पान चुकून पेपरांच्या गठ्ठ्यात गेलं. एका पोरीने पाच मिनिटं त्याच्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

"सर, याचे पर्याय कुठं हायेत?"