पॉइंट गार्डचा गुडघा

बास्केटबॉलमध्ये आपल्या अर्ध्या मैदानात बॉल हाती आला की आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते आणि चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. ही दोन्ही घड्याळं सांभाळायची जबाबदारी पॉइंट गार्डची. बॉल वर आणायचा, चाल ठरवायची, कोण कुठे उभं राहणार ते हातवाऱ्यांनी सांगायचं, आणि हे सगळं समोरच्या संघातला सर्वांत चपळ डिफेंडर अंगाशी भिडलेला असताना. त्याला चुकवायला पॉइंट गार्ड भरधाव पळतापळता थबकतो, एका पायावर वळतो, पुन्हा सुटतो. या प्रत्येक थबकण्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीच्या एका लिगामेंटवर येतो. त्याचं नाव एसीएल.

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या खेळाडूंबरोबर काम करते. माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक कबड्डी-खो-खोची, थोडी कुस्तीची. जिल्ह्याचं नाव अलीकडे देशभर गेलं ते तिरंदाजीमुळे; हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. बास्केटबॉल आमच्याकडे थोड्याच शाळा-कॉलेजांत आहे, आणि कोर्ट बहुधा उघड्यावरचं, सिमेंटचं. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. ओलसर सिमेंट, झिजलेल्या तळव्यांचे बूट आणि सुट्टीनंतर पुरता सराव न झालेले पाय, हे सगळं एकाच महिन्यात जमून येतं.

अशाच एका हंगामात सतरा वर्षांखालच्या गटातली एक पॉइंट गार्ड माझ्याकडे आली. तिचं नाव, गाव, शाळा मी सांगणार नाही. फास्ट ब्रेकवर जाताना ती डाव्या पायावर थांबली, उजवीकडे वळायला गेली आणि गुडघा आत मुडपला. कोणाचा धक्का नाही, कोणी पाडलं नाही. एसीएलच्या साधारण दहापैकी सात दुखापती अशाच होतात. सामन्यांच्या चित्रफिती तपासून संशोधकांनी दाखवलं आहे, की पाय जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत लिगामेंट तुटलेलं असतं. एवढ्या वेळात कोणी स्वतःला सावरू शकत नाही. पाय टेकण्याआधी शरीर कसं होतं, यावरच सगळं अवलंबून असतं.

तिनं सांगितलं, "ताई, आतून कट्कन आवाज आला." दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजला होता. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना मी हे दरवेळी सांगते: आवाज आणि काही तासांत आलेली सूज या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ते एसीएलच आहे असं धरून चाला, नाही हे तपासणीनं ठरू द्या. ही सूज बहुतेक वेळा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. आपल्याकडे मात्र पहिलं निदान होतं "लचक भरली", आणि पहिला उपचार होतो मालिश. हाडवैद्याकडे जाणाऱ्या कुटुंबाला मी दोष देत नाही. तो जवळ असतो आणि तो हात लावून बघतो. पण खरा घात पुढे होतो. तीन-चार आठवड्यांत सूज ओसरते, मूल सरळ चालायला लागतं, सायकल चालवतं, आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. सरळ रेषेत चालायला एसीएलची फारशी गरज लागत नाही. गरज लागते ती वळताना. ते मूल पुन्हा कोर्टावर उतरतं, गुडघा पुन्हा सटकतो, आणि या वेळी आतली मेनिस्कसची गादीही फाटते. मेनिस्कस गेलेल्या गुडघ्याला तिशी-चाळिशीत संधिवात गाठू शकतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तपासणी झाली, तर तो गुडघा पुढे आयुष्यभर उपयोगी पडतो.

तिची तपासणी वेळेत झाली. शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडची माणसं अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठतात, तीही गेली. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचा नवा एसीएल बसवला. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, "मॅडम, मंग पोरगी कवा खेयते?"

या प्रश्नाचं उत्तर मी तारखेत देत नाही, आणि त्याचं कारण मी दरवेळी सविस्तर सांगते. बसवलेला कंडरा म्हणजे लगेच लिगामेंट नव्हे. शरीर आधी त्यातल्या जुन्या पेशी मरू देतं, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग नवे धागे विणले जातात. या बदलात साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमाराला तो कंडरा सर्वांत कमकुवत असतो. आणि नेमकं याच वेळी मुलीला वाटायला लागतं की आता काहीच दुखत नाही. न दुखणं आणि तयार असणं यांतली ही दरी साऱ्या चुकांचं मूळ आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून केलेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ आहे: नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने पुढे ढकललं, त्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलं. आणखी एका पाहणीत पंचविशीच्या आतल्या, खेळात परतलेल्या खेळाडूंपैकी सुमारे तेवीस टक्क्यांना दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत झाली, कोणाच्या त्याच पायाला, कोणाच्या दुसऱ्या.

वडिलांना हे पटलं. पण घाई घरातूनच येते असं नाही. विभागीय आणि राज्य स्पर्धांतल्या सहभागावर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. योजना चांगली आहे, खेळणाऱ्या मुलांना ती हवीच. पण याच गुणांसाठी सहाव्या महिन्यात मुलांना जर्सी चढवली जाते, हे मी पाहिलं आहे, आणि दुखापतीमुळे हुकलेल्या हंगामाची दखल या नियमांत घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे.

मोठ्या खेळाडूंवरही हा दबाव येतो. शिकागो बुल्सचा पॉइंट गार्ड डेरिक रोझ २०११ साली, बावीस वर्षांचा असताना, एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २८ एप्रिल २०१२ रोजी त्याचा डावा एसीएल तुटला. पुढच्या हंगामाच्या अखेरीस डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी आपलं मन तयार नाही म्हणून तो उतरला नाही, आणि त्याबद्दल त्यानं भरपूर टीका सोसली. मला त्याचा तो निर्णय योग्य वाटतो. पुढे उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटून त्याचा पुढचाही हंगाम गेला; पण म्हणून आधीचं थांबणं चुकीचं ठरत नाही. गुडघ्यावर विश्वास नसलेला खेळाडू दुसऱ्या पायावर जास्त भार टाकतो, आणि हा अविश्वास मोजायला आता प्रश्नावल्या आहेत. बीडचा धावपटू अविनाश साबळे २०२५च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पडला आणि त्याच्याही गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती बातमी माझ्याकडच्या मुलांनी एकमेकांना दाखवली. आपल्यासारख्याच दुष्काळी गावातल्या माणसाला हेच झालं आणि तोही थांबला, याचा त्यांना माझ्या शब्दांपेक्षा जास्त उपयोग झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. पॉइंट गार्डला हे महिने वाया जाणारे नसतात. इतर कुठल्याही खेळाडूपेक्षा त्याला त्यातून अधिक मिळू शकतं. उंच सेंटरला रिंगखालीच सराव हवा. पॉइंट गार्डचं अर्धं काम डोळ्यांचं आणि निर्णयाचं असतं, आणि ते खुर्चीत बसून वाढवता येतं. पहिल्या सहा आठवड्यांत ती खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी ड्रिबल करायची, आणि मी समोर बोटं दाखवून आकडे विचारायची, म्हणजे नजर बॉलवरून उठावी. तिचा डावा हात कच्चा होता. उजवा वापरायचाच नाही असं आम्ही ठरवलं. संघाच्या सामन्यांत ती कोचशेजारी वही घेऊन बसली. प्रत्येक चालीत डिफेन्स कुठे सरकला आणि पास कुठे मोकळा होता, एवढंच लिहायचं. सुरुवातीच्या पानांवर फक्त बॉल कुठे गेला हे आहे. चौथ्या महिन्यातल्या पानांवर बॉलपासून दूर असलेल्या खेळाडूंच्या खुणा दिसतात. तिचे सर मोठ्या मनाचे. टाइमआउटमध्ये ते तिलाच बोलायला सांगत. अमेरिकेच्या बास्केटबॉलपटू पेज ब्यूकर्सनं ऑगस्ट २०२२मध्ये एसीएल तुटल्यावर एक अख्खा हंगाम बाकावर काढला, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये तिच्या कनेक्टिकट विद्यापीठानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मी आमच्या मुलीला ब्यूकर्सचे दुखापतीनंतरचे सामने बघायला लावले.

पायांचं काम याच्या जोडीनं चाललं, आणि ते कंटाळवाणं होतं. आधी गुडघा पुरता सरळ होणं, मग मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं, मग स्क्वॉट, एका पायावरचा तोल, उडी मारून आवाज न करता उतरणं. वळणं सर्वांत शेवटी. परवानगीसाठी तिला अनेक चाचण्या द्याव्या लागल्या: मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के, एका पायावरच्या उड्यांचं अंतर तेवढंच, आणि उतरताना गुडघा आत न पडणं. इथे एक पेच असतो. तुलना ज्या चांगल्या पायाशी करायची, तोही या महिन्यांत अशक्त झालेला असतो, त्यामुळे नव्वद टक्के फसवे निघू शकतात. म्हणून मी वजनाच्या हिशेबातही ताकद पाहते. आठव्या महिन्यात ती उड्यांत पास झाली, ताकदीत नाही. रडली. आणखी सात आठवडे लागले.

मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त होते. वयात येताना उंची झपाट्यानं वाढते, त्या प्रमाणात स्नायूंची ताकद वाढत नाही. मुलींना वजनं उचलू न देण्याची आपली सवय त्यात भर घालते. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटांचा उतरण्याचा, थांबण्याचा, मांड्या आणि पोटाच्या ताकदीचा सराव घेतला, तर मुलींमधलं हे प्रमाण निम्म्यापर्यंत खाली येतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याला यंत्र लागत नाही, वाळलेलं मैदान आणि आग्रही शिक्षक लागतो. आता आमच्याकडच्या काही शाळांत तो वॉर्मअपमध्ये घेतला जातो. जिल्हास्पर्धेच्या आधी तीन महिने सुरू झाला तरच त्याचा उपयोग; आदल्या आठवड्यात सुरू करून काही होत नाही.

ती आता खेळते. पहिल्या स्पर्धेत तिला सरांनी दर क्वार्टरला चारच मिनिटं दिली, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. बॉल वर आणताना ती आता डावीकडूनही जाते, आणि पूर्वीपेक्षा कमी पळते. पास आधी सोडते. दुखापतीआधी तिचे गुण जास्त असायचे, आता तिच्या पासवर इतरांचे जास्त होतात. ताकदीचा सराव आठवड्यातून दोनदा सुरूच आहे, आणि निदान दोन वर्षं तरी तो दोन्ही पायांचा चालेल.