लागतंय कधीतरी

आईच्या लग्नातला तांब्याचा बंब भंगारवाल्याने अंगणात उलटा करून आपटला, तेव्हा माझा भाऊ मोबाइलवर तांब्याचा भाव बघत होता. तो राग अजून उतरलेला नाही.

माहेर शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. मी दौंडला. होळी झाली की नवा गहू घरात यायचा असतो. त्याआधी कोठ्या रिकाम्या करा, गोधड्या धुवा, कुरडया-पापडासाठी गच्ची झाडा. घरोघरी हेच चालतं. यंदा भावजयीचा फोन आला, "ताई, माळा काढायचाय. तुम्ही असल्याशिवाय मी हात लावणार नाही." तिचं बरोबरच होतं. सासूच्या वस्तू सुनेने काढल्या की गावभर होतं.

माळ्यावरून घंगाळं उतरलं, परात, पाण्याच्या कळश्या, पितळी डबे, समया आणि तो बंब. आम्ही दोघी चिंच लावून नावं उघडी करत बसलो होतो. भाऊ रानातून आला, ढीग बघितला आणि फोन लावला. तासाभरात टेम्पो दारात. आम्हाला विचारायचं राहू दे, जिची भांडी ती आई ओट्यावर गवार मोडत होती, तिलाही कोणी विचारलं नाही.

मग वजन. तांबं एकीकडे, पितळ दुसरीकडे. आतून कल्हई केलेलं तांबं त्याच्या लेखी चोख नव्हतं, भाव उतरला. बंबाच्या बुडातली लोखंडी जाळी त्याने उपटून फेकली. लोखंड निघालं तरी डागाचं वजन म्हणून वरून पुन्हा घट धरलीच. घंगाळाच्या कड्या पितळी होत्या, म्हणून सबंध घंगाळं पितळेच्या भावाने लावायला निघाला. त्यावर मी भांडले. भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ना, शंभर-दोनशेनं काय होतंय?" परातीवर ठिपक्याठिपक्यांनी आईच्या मोठ्या मामांचं नाव कोरलेलं होतं. भाचीला सप्रेम भेट द्यावी अशी ऐपत त्या वर्षी त्यांची नव्हती, उसने पैसे काढून त्यांनी ती परात आणली होती, हे मी भंगारवाल्यालाच सांगत सुटले. तो बिचारा म्हणाला, "नावाचं वजन होत नाही, ताई." त्याचं काय चुकलं? तो धंद्याला आला होता.

आता पडवीचं ऐका. तिथे ठिबकच्या फाटक्या नळ्यांची वेटोळी आहेत, औषधाचे रिकामे कॅन आहेत, जळालेल्या मोटारीचं कॉइल आहे, ज्यात तांबंच असतं. उसाच्या वजनाच्या पावत्यांचे गठ्ठे सुतळीने बांधलेत. सातबाऱ्याच्या जुन्या नकलांना वाळवी लागलीय. डिजिटल सहीचा सातबारा आता मोबाइलवरून काढता येतो. फेरफार आणि खरेदीखत जपावं, ते मीही म्हणते, पण नकलेची नक्कल कशाला? विचारलं तर भाऊ म्हणतो, "असू दे, लागतंय कधीतरी." पुरुषाची वस्तू कधीतरी लागते, बाईची वस्तू अडगळ असते. हा कायदा कुणी केला?

कायद्याचंच म्हणाल, तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. मी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झालेय, जमिनीचं बोलतच नाही. परातीबद्दल तरी विचारायचं होतं.

जुन्या वस्तूंचं मोल बघायचं तर माहेरच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, धान्याच्या कणगी आणि साठवणीचे खड्डे निघाले, जमिनीखाली रांजणात पुरलेली पोरंही निघाली. त्या घरातल्या कर्त्यांनी दरवर्षी टेम्पो बोलावला असता, तर उत्खनन करणाऱ्या सांकलिया-ढवळीकरांना काय सापडलं असतं?

तरी एक सांगते. आवरायला काढणार असाल तर आधी वस्तू ज्याची त्याच्यापुढे ठेवा. तो नको म्हणाला, मग टेम्पो. आणि मोड द्यायचीच असेल तर दोन ठिकाणी भाव काढा, वजन घरच्या काट्यावर आधी करून ठेवा.

हे सगळं मी रात्री आईला तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गेलं ते बरं झालं. राख-चिंच लावून लावून माझी बोटं गेली. दिवाळी आली की त्या बंबाकडे बघून मला रडू यायचं." मी म्हटलं, मग तू इतकी वर्षं ठेवलास कशाला? तर म्हणे, "तुझ्या वडलांनी मोडू दिला नसता."

आता मी कुणावर चिडायचं? भांडी आईची, पण जपायची हौस वडिलांची आणि घासायची पाळी तिची. मोडीच्या पैशात भावाने मोठा कूलर आणला. आई त्याच्यासमोर दुपारी घोरते. मीही तिथेच आडवी झाले होते, झोप छान लागली. म्हणून राग गेला असं नाही. न विचारता केलं ते केलंच.

भावजयीशी ठरलंय, पुढच्या होळीला पडवी. टेम्पोवाल्याचा नंबर मी घेऊन ठेवलाय, आणि भाऊ रानात गेला की लगेच लावायचा.