बिल्टी आणि सोमवारची कार्डं

आम्हा इंदूरच्या मराठी घरांत 'धंदा आपला नव्हे' हे बाळकडूच. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, घरचे निवांत. पण १९७९ साली सियागंजाजवळच्या शाखेत बिलांच्या टेबलावर बसलो आणि धंदा काय तो एका मराठी खातेदाराकडून कळला. अण्णा म्हणायचो त्यांना. मसाले, मेतकूट बाहेरगावी पाठवायचे.

व्यवहार असा: माल ट्रकवर चढला की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी देई, बँकेच्या नावाची. आम्ही अण्णांना पैसे द्यायचो, कागद तिकडच्या शाखेला धाडायचो. गिऱ्हाइकानं तिथं पैसे भरले की बिल्टी हातात, बिल्टी दाखवली की माल. ट्रान्सपोर्टवाला मात्र इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतला हवा.

अण्णांचा नेम सोमवारचा. ज्यांची महिनाभर ऑर्डर नाही त्यांना पोस्टकार्ड. ऑर्डर मागायचे नाहीत, मागचा माल कसा खपला एवढंच विचारायचे. (आजच्या मार्केटिंगवाल्यांना हे कुठं सुचतंय!)

एका पावसाळ्यात नागपूरच्या व्यापाऱ्यानं बिल सोडवलंच नाही. माल गोदामात, डेमरेज रोज चढतंय, मेतकुटाला ओल लागायची भीती, बँकेचे पैसे अडकलेले. अण्णांनी वही उघडली. नागपुरातलाच एक दुकानदार, वर्षभरात एक पेटी न घेतलेला, पण कार्डांना उत्तर देणारा. त्याला ट्रंककॉल लावला. चौथ्या दिवशी त्यानं पैसे भरले, तिकडच्या शाखेनं बिल्टी त्याच्या नावे करून दिली. डेमरेज अण्णांनी सोसलं.

पुढच्या सोमवारी त्या पहिल्या व्यापाऱ्यालाही कार्ड गेलं.