पप्पा मागच्या सीटवर

२२ वर्षं कंपन्यांच्या बस चालवलेल्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून चाकणवरून न्यायचं म्हणजे काय असतं, ते मी या हिवाळ्यात शिकले. पुढे कंटेनर दिसला की पप्पांचा उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जातो. ब्रेक माझ्या हातात, पण दाबणार ते. मोशीला "डावीकडून काढ" म्हणाले. मी काढली नाही. इंद्रायणीचा पूल ओलांडून कुरुळी येईपर्यंत दोघंही गप्प.

निमित्त कबड्डीचं होतं. माझी चुलत बहीण कॉलेजच्या संघातून खेळते. घरात तिला सगळे छोटी म्हणतात, संघात ती डावा कोपरा सांभाळते. तिचं हे शेवटचं वर्ष. काकांना सुट्टी मिळत नाही, काकू एकटी एवढ्या लांब जात नाही. माझ्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. दोन सामने गुरुवारीच आले, तिसऱ्यासाठी मी रजा टाकली. पप्पांच्या बसचं कंत्राट उन्हाळ्यात संपलं होतं आणि ते चिखलीच्या घरात दिवसभर टीव्हीचा आवाज कमीजास्त करत बसायचे. मी सहज विचारलं, "येता का?" ते इस्त्रीचा शर्ट घालूनच बाहेर आले.

मीही तीन वर्षं कबड्डी खेळले. पप्पांनी एकही सामना पाहिला नाही. विरोध नव्हता, वेळ नव्हता. पहाटे पाचला पहिल्या शिफ्टची माणसं उचलायची, दुपारी त्यांना सोडून दुसऱ्या शिफ्टची न्यायची, रात्री बाराच्या पुढे परत. आकुर्डी, भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण. या पट्ट्यातलं प्रत्येक गेट त्यांना माहीत. गेटच्या पलीकडच्या मैदानांशी कधी संबंध आला नाही.

आकुर्डी

पहिलं मैदान कॉलेजच्या मागे, पार्किंग आणि कँटीनच्या मधे. मातीचं. सकाळी पाणी मारलेलं, फक्कीच्या रेषा अजून ओल्या. मांडवाखाली चार खुर्च्या, त्यातली एक पप्पांनी न विचारता उचलली आणि थेट रेषेजवळ नेऊन ठेवली. पंचांनी ती दोनदा मागे सरकवायला लावली.

पप्पा कबड्डीला हुतूतूच म्हणतात. आंबेगाव तालुक्यातल्या गावी लहानपणी खेळलेत. पण बोनस रेषा त्यांना नवी होती. "ती हात न लावता परत गेली, तरी गुण कसा?" मी सांगितलं, समोर किमान सहा जणी असतील तर ती मागची रेषा पायानं गाठायची, दुसरा पाय हवेत ठेवायचा, की एक गुण. "आणि कुणाला शिवलंच नाही, पुढेही गेली नाही तर?" निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर चढाई करणारीच बाद. ३० सेकंदांत सगळं. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर चालतं, तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच.

त्यांना सगळ्यात आवडला तो बाद झालेल्यांच्या परत येण्याचा नियम. आपण समोरची एक बाद केली की बाहेर बसलेली आपली एक आत येते. "म्हणजे बसलेला माणूस परत कामावर," ते म्हणाले. मी हसले. ते हसले नव्हते.

छोटीनं त्या दिवशी दोन वेळा घोटा पकडला. दुसऱ्या वेळी पकडलेली मुलगी तिच्यासकट मध्यरेषेपर्यंत घसरत गेली. हात रेषेला लागायला बोटभर अंतर उरलं असताना बाकीच्या तिघी येऊन पडल्या. पप्पा खुर्चीतून उठले होते. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी उगाच पँट झटकली.

चाकण

दुसरं मैदान चाकणच्या अलीकडे, आणि तिथं मॅट होती. कोड्याच्या तुकड्यांसारखे चौकोन एकमेकांत अडकवलेले. मातीवर खेळणाऱ्या मुलींना मॅटवर पहिली दहा मिनिटं पाय कुठं थांबेल याचा अंदाज येत नाही. मातीत पाय थोडा सरकतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो, आणि अंग वळलं तर गुडघ्याला भोगावं लागतं. छोटीच्या कॉलेजात मॅट नाही. माझ्या वेळीही नव्हती. आम्ही बूट सामन्याच्या दिवशीच घालायचो.

कुंपणाच्या भिंतीवर कामगार पोरं बसली होती. रात्रपाळी करून झोप न घेता आलेली. त्यातला एक पप्पांच्या शेजारी येऊन हिंदीत समालोचन करायला लागला. पाटण्याकडचा होता. प्रो कबड्डी २०१४ला सुरू झाल्यापासून बघतो म्हणाला. पाटणा पायरेट्स लागोपाठ तीनदा जिंकलेत, हे त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं. मी म्हटलं, पुणेरी पलटणही जिंकली, १ मार्च २०२४ला. तो म्हणाला, "हां, एक बार." पप्पांनी त्याला शेंगदाणे दिले आणि विचारलं, कुठल्या कंपनीत? मग दहा मिनिटं दोघं बसच्या थांब्यांवर बोलत होते, आणि छोटीचा संघ लोण खात होता. सातही जणी बाद, समोरच्यांना वरचे दोन गुण. तिथून सुटका नव्हती, पण आधीच्या गुणांवर त्या पुढच्या फेरीत गेल्या.

परतताना आंबेठाण चौकात नेहमीसारखे अडकलो. इंजिन बंद केल्यावर पप्पांनी मागून विचारलं, "ह्याच्यात पुढं काय असतं?"

हा प्रश्न त्यांनी मला पाच वर्षांपूर्वी विचारला होता. तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आता होतं ते सांगितलं. २०१२ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक झाला, भारतानं इराणला हरवलं, आणि संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारनं एक-एक कोटी दिले. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे यांचे संघ आहेत. पण तिथं पोचतात त्या किती? एका कॉलेजात बारा जणी, अशी किती कॉलेजं. बाकीच्या आमच्यासारख्या.

"तुमच्यासारख्या म्हणजे?"

सिग्नल सुटला. मी गाडी सुरू केली.

माझ्या तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या सराव शिबिराच्या यादीत माझं नाव होतं. त्याच आठवड्यात एका कंपनीचा ट्रेनीसाठी इंटरव्ह्यू होता. पप्पा म्हणाले, "कबड्डी पगार देती का?" मी इंटरव्ह्यूला गेले. रडले-बिडले नाही. आज मी क्वालिटीला आहे, दिवसभर गेज घालून पार्ट बघते, बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. पप्पांचं कंत्राट संपलं तेव्हा घर माझ्याच पगारावर चाललं. म्हणजे ते चुकले, असं मला म्हणता येत नाही. हेच अवघड आहे. चुकले असते तर भांडता आलं असतं.

राजगुरुनगर

तिसरा सामना खेडला. गाव भीमेच्या काठी, मैदान पुन्हा मातीचं, आणि गर्दी खरी. आजूबाजूच्या वाड्यांवरून आलेली माणसं, डोक्यावर टोप्या, प्रत्येक पकडीला आरडाओरडा. छोटीचा संघ तीन गुणांनी हरला. पण सामना संपल्यावर निवड समितीतल्या बाईंनी तिला बाजूला बोलावलं. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी. पुढच्या मंगळवारी.

छोटी आमच्याकडे आली ती गुडघ्यावरची माती खरवडत. "ताई, मंगळवारी इंटरव्ह्यूपण आहे." काकांनी ओळखीनं जमवलेला. चाकणमधेच.

मी काहीच बोलले नाही. मला खरंच कळत नव्हतं काय बोलावं. चाचणीला जा म्हणावं, तर उद्या घर कोण चालवणार? इंटरव्ह्यूला जा म्हणावं, तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.

पप्पांनी फोन लावला. "अरे, त्या कंपनीवाल्यांना विचार, तारीख पुढंमागं होती का. विचारायला काय पैसे पडतात का?"

मी चहाचे पैसे द्यायला म्हणून टपरीकडे गेले आणि तिथंच उभी राहिले. छोटीसाठी बरं वाटत होतं, खोटं नाही बोलणार. पण पोटात काहीतरी खुपतही होतं. एक फोन. एवढंच होतं ते. पाच वर्षांपूर्वीही फोन होते.

परत आले तेव्हा पप्पा स्कूटरजवळ उभे होते. म्हणाले, "त्या वेळी विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. साहेबानं तारीख दिली म्हणजे दिली." मग हात पुढे करून, "आण चावी. अंधार पडतोय."

मी म्हटलं, "बसा मागं."

कंपनीनं तारीख बदलली नाही. छोटी चाचणीला गेली. निवड झाली नाही. राखीव खेळाडूंतही नाव नाही. काका पप्पांशी दोन आठवडे बोलले नाहीत. काकूनं मला फोन करून ऐकवलं, तेही बरोबरच ऐकवलं. छोटी आता दुसरीकडे अर्ज करतेय. मी तिला विचारलं, पस्तावतेस का? ती म्हणाली, "मॅटवर मी पहिल्यांदा पूर्ण दिवस खेळले ताई. बाकीच्यांच्या बुटांचे तळवे वेगळेच असतात." एवढंच. तिला सरळ उत्तर द्यायचं नव्हतं, की हेच उत्तर होतं, मला माहीत नाही.

परवा बुधवारी रात्री पप्पांनी टीव्ही बंद करून विचारलं, "उद्या कुठं सामना आहे?"

मी सांगितलं, कॉलेजचे सामने संपले. भोसरीत रात्रीची एक स्पर्धा आहे, पण आपलं कुणीच खेळत नाही.

"असू दे," ते म्हणाले.

सकाळी पाहिलं तर गाडीत पेट्रोल भरलेलं होतं.